इंजिनाची तोटी आणि वहिनींचा खांदा

माझ्या पुतण्याने कुठून तरी एक म्हातारा ट्रॅक्टर विकत आणला आहे आणि गेले चार रविवार तो अंगणात बसून त्याचा कार्बुरेटर साफ करतो आहे. परातीत पितळी तुकडे मांडलेले, हात काळे, तोंड वाकडं. काल मी खुर्ची सरकवून जरा जवळ गेलो, तर म्हणाला, "काका, लांब बसा. हे तुमच्या काळातलं नाही." त्याचं वय पन्नाशीला टेकलं आहे, नाहीतर कान धरला असता. कार्बुरेटर म्हणजे काय, तर तेल आणि हवा यांचं लग्न लावून देणारा भटजी. या भटजीचा खापरपणजोबा मी माझ्या हातांनी उघडून साफ केलेला आहे, आणि तोही मागच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, जेव्हा ट्रॅक्टर हा शब्द कल्याणात काय, ठाण्यातही कुणाच्या कानावर पडला नव्हता. तो कशामुळे चोंदला होता ते पुतण्याला सात जन्मांत सुचायचं नाही. त्याच्या आईला मात्र सुचलं होतं.

त्याची आई म्हणजे माझ्या वहिनी. आमचं घर कल्याण आणि डोंबिवलीच्या मधल्या एका गावात. भाताची शेती, ती थोरला भाऊ, म्हणजे दादा पाहायचा. वडील सरकारी कचेरीतली नोकरी संपवून घरी बसले होते आणि अख्खं घर कचेरीसारखं चालवत होते. मी ठाण्याला शाळामास्तर होतो. चोवीस वर्षांचा, चष्मेवाला आणि माझ्याइतका शहाणा माणूस खाडीच्या अल्याड-पल्याड नाही अशी खात्री असलेला.

ही गोष्ट घडली त्याच्या आधीच्या पावसाळ्यात वहिनी शेवाळल्या पायरीवरून घसरल्या आणि उजव्या खांद्यावर पडल्या. हाड मोडलं नाही, पण हात खांद्याच्या वर जाईना. वैद्याने लेप दिला आणि सांगितलं, मुसळ उचलायचं नाही. आता भाताच्या घरात सुनेने मुसळ उचलायचं नाही म्हणजे काय? कांडपिणी यायच्या, पण देवाचे आणि सणासुदीचे तांदूळ घरच्या बाईनेच कांडायचे ही वडिलांची शिस्त. वहिनी डाव्या हाताने कांडायच्या. पंगतीत वाढायला मात्र त्या येत नसत, कारण डाव्या हाताने वाढायचं नाही आणि उजवा वर उठायचा नाही. सणाच्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून कुणाच्या पानात काय संपलंय ते दुसऱ्यांना सांगायच्या. मला ते दिसायचं आणि जेवताना वाईट वाटायचं. जेवण झालं की विसरायचो, हेही खरं.

दादा बोलका नव्हता. बायकोविषयी चार माणसांत बोलायची तर तेव्हा पद्धतच नव्हती. पण कळव्याच्या एका मिठागरावर पाणी उपसायचं घासलेटचं इंजिन विकायला निघालंय असं कळल्यावर तो कुणाला न विचारता गेला आणि ते घेऊन आला. सोबत भात सडायचं एक यंत्रही. भरतीच्या पाण्यावर पडावातून ती धूडं कल्याणच्या बंदराला लागली आणि तिथून चार बैल जुंपून घरी आली. इंजिनाला स्वतःची चाकं होती, पण स्वतः चालायची अक्कल नव्हती. वडिलांनी विचारलं, "हे कशाला?" दादा म्हणाला, "भात सडायला." एवढंच. वहिनी दारामागून पाहत होत्या. कशाला ते त्यांना कळलं असावं.

इंजिनाबरोबर आठ दिवसांसाठी मिठागरावरचा एक आगरी माणूस आला होता, आम्हाला शिकवायला. शिवाय एक इंग्रजी पुस्तक होतं, ते वाचायला मला ठाण्याहून बोलावलं. या इंजिनाला एक लोखंडी डोकं होतं, भोपळ्याएवढं. त्याच्याखाली दिवा लावायचा, हाताने पंखा फिरवून ज्वाळा फुलवायची आणि डोकं लालसर तापवायचं. मग एका बारीक तोटीतून घासलेटची चिळकांडी त्यात उडते, तेलाची वाफ होते, हवेशी मिसळते आणि भडका उडून मोठं चाक फिरतं. पुस्तकावरून मी या भागांची नावं मराठीत केली. लोखंडी डोक्याला 'तैलबाष्पक पात्र', तोटीला 'सूक्ष्मक्षेपणी'. मिठागरावरचा माणूस पहिल्याला 'मडका' म्हणायचा आणि दुसऱ्याला 'तोटी'. माझी नावं मी सोडून कुणीही कधी वापरली नाहीत.

मडकं पुरेसं तापलं की नाही हे तो थुंकून पाहायचा. "थुकलो नि थेंब नाचला, का समजाचा तापला," असं म्हणून त्याने पहिल्याच दिवशी वडिलांच्या डोळ्यांदेखत मडक्यावर थुंकून दाखवलं. वडील तीन पावलं मागे सरकले. ज्या यंत्रातून देवाचे तांदूळ निघायचे ते उष्टं करायचं म्हणजे काय? बराच खल झाला. शेवटी असं ठरलं की थुंकीऐवजी पाणी, आणि पाणी पळीतूनच. त्या दिवसापासून इंजिन सुरू करायच्या वेळी वडील आंघोळ करून, सोवळं नेसून, पळी-पंचपात्र घेऊन उभे राहायचे आणि मडक्यावर एक थेंब सोडायचे. थेंब नाचला की दादा चाकाला हिसका द्यायचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की इंजिनाची मुंज चालली आहे.

जाताना मिठागरावरच्या माणसाने दादाला, वडिलांना आणि मला बाजूला घेतलं. "तेल जास्ती झाला तं काला धूर काढील, कमी झाला तं उचक्या देल. कान देऊन आयकाचा. आनि टाकीन घासलेट सोरून दुसरा काय बी जाव देऊ नका. याचा गला लय बारीक हाय." आम्ही तिघांनी मान डोलावली. तिघांनी, हे लक्षात ठेवावं.

त्या हिवाळ्यात इंजिनाने थोडंसं भात सडून दाखवलं आणि आम्ही ते गोठ्याशेजारी झाकून ठेवलं. पण तेवढ्यावर दादा हवेत गेला. वैशाखात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तीन दिवसांच्या जेवणावळी, आणि याने कांडपिणींना सांगून टाकलं की यंदा तुमचं काम नाही, आमच्याकडे इंजिन आहे. त्या दुसऱ्याच दिवशी खाडीपलीकडे मिठागरांवर कामाला गेल्या. तो हंगामच मिठाचा. आता इंजिन चाललं नाही तर तीन दिवसांच्या पंगतींचं भात कांडायला, आई नव्हती आणि नवरीला मुसळाला हात लावू द्यायचा नाही म्हणून, घरात एकच बाई उरली होती, आणि तिचा एक हात वर उठत नव्हता.

मला सुट्टी लागली आणि मी घरी आलो. लग्नाला पंधरा दिवस होते. पहिल्या सकाळी आम्ही इंजिनावरचं गोणपाट काढलं, दिवा लावला, पंखा फिरवला, वडिलांनी थेंब सोडला, दादाने हिसका दिला. इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि गप्प बसलं. दुसऱ्यांदा एक उचकी. संध्याकाळी तीही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊन ओट्यावर उभा राहिलो आणि जमलेल्या मंडळींना एक लहानसं व्याख्यान दिलं. यंत्र म्हणजे काय, कार्यकारणभाव म्हणजे काय, आणि गावातल्या एका म्हातारबुवांनी नारळ फोडायची सूचना केली होती तिच्यात कसा काही अर्थ नाही. "यंत्राला देव नसतो, तेल असतं," असं एक वाक्य मी ठाण्याहून येतानाच तयार करून आणलं होतं, तेही म्हणून घेतलं. दादाने मान डोलावली. वडीलसुद्धा म्हणाले, "बरोबर आहे. यंत्र ते यंत्र."

मग मी मडकं उघडलं. आत बोटभर काजळी; पहिल्या दिवशीच्या उचक्या बहुधा तिच्याच. ती खरवडली, पुसली, पुन्हा बसवलं. इंजिन गप्प. तेलाचं प्रमाण वाढवलं, कमी केलं, पुन्हा होतं तिथे आणलं. हवेची झडप घासली. घासलेटच खराब असेल म्हणून नवा डबा आणला. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तर हिसक्याला साधी फुसफूससुद्धा होईना. पुस्तकात एक पान होतं, 'इंजिन सुरू न झाल्यास'. ते मी इतक्यांदा वाचलं की मला पाठ झालं, आणि अजून अर्धं येतं.

इकडे माजघरात उखळ घुमायला लागलं होतं. कुणी वहिनींना सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं. डावा हात, डावा हात, मग थांबणं. मग पुन्हा. पाचव्या दिवशी मधूनच आवाज बदलला. दादा तेव्हा हातात पाना घेऊन बसला होता, तो तसाच बसून राहिला. त्यालाही कळलं होतं की आता उजवा हातही मुसळाला लागला आहे. त्याने पाना खाली ठेवला आणि म्हणाला, "तोटी काढ."

तोटी मी तोवर काढली नव्हती, कारण पुस्तकात लिहिलं होतं की हा भाग तज्ज्ञाखेरीज कुणी उघडू नये, आणि मी स्वतःला तज्ज्ञ म्हणत असलो तरी पुस्तकासमोर म्हणायची छाती होत नव्हती. दादाने पाना लावला. तोटी निघाली. तिच्या भोकात, आणि तिच्यामागच्या नळीत, राखी रंगाचा घट्ट चिखल बसला होता. तो मी परातीत खरवडून काढला.

"काजळी," मी म्हणालो.

"काजळी काळी असते," दादा म्हणाला.

"जुनी झाली की राखाडी होते," मी म्हणालो. हे मी त्याच क्षणी बनवलं होतं.

एवढ्यात वहिनी घासलेटचे हात पुसायला फडकं घेऊन आल्या. त्यांनी परातीतला चिखल पाहिला, वाकून चिमटीत घेतला आणि बोटांवर चोळला. वडील समोर होते, त्यामुळे त्या पदर सारखा करून अर्ध्या भिंतीआड उभ्या राहिल्या. सासऱ्यांशी आणि सासऱ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून आमच्या घरचा सगळा पत्रव्यवहार माझ्यामार्फत चाले, मग माणसं चार हातांवर का उभी असेनात.

"भावजी," त्या म्हणाल्या, "काजळी बोटाला चिकटते. हे करकरतंय. ही राख आहे. मी रोज राखेने भांडी घासते."

मी म्हणालो, "वहिनी म्हणतात ही राख आहे." सगळ्यांनी ऐकलेलंच होतं.

"इंजिनात राख कुठून येणार?" वडील म्हणाले. "विचार तिला."

"भावजी, मामंजींना सांगा, चुलीत लाकूड घातलं तर राख होते. टाकीत घासलेट घातलं तर होत नाही. म्हणजे कुणीतरी घातली असेल."

 वडील पंचपात्राकडे बघू लागले. दादा पान्याकडे. मी पुस्तकाच्या मलपृष्ठाकडे बघितलं, त्यावर काहीच छापलेलं नव्हतं.

पहिला धीर दादाने केला. "मलंगगडाची उदी होती," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चिमूटभर. पहिल्या संध्याकाळी. म्हटलं, टाकीतच घालावी, म्हणजे सगळीकडे पोचेल."

वडील कडाडले. "मूर्खा, त्या माणसाने काय सांगितलं होतं? टाकीत दुसरं काही घालू नका म्हणून?" आणि मग, थोडं थांबून, खालच्या आवाजात: "अर्थात गावदेवीचा अंगारा म्हणजे दुसरं काही नव्हे."

"तुम्हीही घातलात?" दादाने विचारलं.

"चिमूटभर. फक्त मंगळवारी."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. बघायचं काही कारण नव्हतं. मी व्याख्यान दिलं होतं. यंत्राला देव नसतो, तेल असतं, हे मी म्हणालो होतो. पण वहिनी भिंतीआडून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्यासमोर मला कधी खोटं बोलता आलं नाही.

"ठाण्याच्या तळ्याकाठच्या शंकराचं भस्म," मी म्हणालो. "माझ्या पाकिटात असतं. आई असताना द्यायची, तेव्हापासून."

"चिमूटभर?" दादाने विचारलं.

मी चष्मा पुसला. "पुडी," मी म्हणालो. "मी हिशेब केला. टाकी मोठी आहे. चिमटीचा काय परिणाम होणार?"

दादा आधी हसला. तो क्वचित हसायचा, पण त्या दिवशी परातीशेजारी फतकल मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वडिलांनी हसू दाबायला पळी तोंडासमोर धरली. मलाही हसू आलं, पण वहिनींकडे पाहिलं तर त्या हसत नव्हत्या. त्या उजव्या खांद्यावर डावा हात ठेवून उभ्या होत्या.

"वहिनी, तुम्ही काही घातलंत का?" मी विचारलं. खरंतर माझी लाज वाटून घ्यायला एक जण आणखी सापडावा असं मला वाटत होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे बंद पडलं तर काय होईल याची तुम्हा सगळ्यांना भीती होती. मला कशाची? बंद पडलं तर मुसळ होतंच माझ्या हातात."

असं म्हणून त्या आत गेल्या, आणि थोड्या वेळाने उखळाचा आवाज पुन्हा सुरू झाला. तो आवाज मी जन्मभर ऐकत आलो होतो, पण त्यात कुणाचा तरी खांदा असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. मला फार वाईट वाटलं. जेवण झाल्यावरही वाईटच वाटत राहिलं.

मग वडिलांनी जे केलं ते आमच्या घरात कुणी पाहिलेलं नव्हतं. ते उठले, माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि मध्ये कुणाला न घालता म्हणाले, "सूनबाई, ते मुसळ ठेवा." आणि आम्हाला म्हणाले, "इंजिन सुरू होईपर्यंत कांडायचं काम तुमचं. दार लावून घ्या आधी." दार लावायला सांगितलं, कारण दोन बाप्ये उखळावर कांडताना गावाने पाहिलं असतं तर बहिणीच्या लग्नात तोच एक विषय झाला असता.

मुसळ उचलायला सोपं असतं. पहिली दहा वेळा. मग ते खाली नीट पडत नाही. माझा एक घाव उखळाच्या काठावर बसला, दुसरा दादाच्या अंगठ्याशेजारी. भात उडून माझ्या शेंडीत गेलं. वडील म्हणाले, मी पाखडतो, आणि सूप घेऊन बसले. तुसं सगळी त्यांच्या मिशांत आणि तांदूळ सगळा जमिनीवर. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी आवरलं, मग पदर तोंडात कोंबला, मग तेही जमेना. "भावजी, मामंजींना सांगा, सूप उलटं धरलंय," एवढं बोलून त्या आत पळाल्या. दीड तासात आम्ही तिघांनी मिळून एक पायलीसुद्धा कांडली नाही. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आले. दादाच्या हातांना नांगराची सवय होती, तरी तो संध्याकाळी खांदा चोळत बसला. कोणता खांदा ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टाकी पूर्ण उपसली, तीनदा धुतली, घासलेट चौपदरी मलमलीतून गाळलं. नळी फुंकून पाहिली, पुन्हा फुंकून पाहिली. दीड तास मुसळ हाणलेला माणूस तोटी ज्या निगुतीने साफ करतो तसं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नसतं. पण तोटीचं भोक इतकं बारीक की आमच्या दाभणाचं टोक जाईना. वहिनींनी आतून त्यांची मणी ओवायची सुई पाठवली. आणि त्या सुईबरोबर त्या स्वतःही आल्या, कारण सुई आमच्या फोडाळलेल्या हातांत देऊन ती मोडेल अशी त्यांना खात्री होती. खाली बसून, गुडघ्यावर तोटी धरून त्यांनी हलक्या हाताने भोक मोकळं केलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि माझ्याकडे दिली.

दिवा लावला. पंखा फिरवला. वडिलांनी थेंब सोडला. दादाने चाकाला हिसका दिला आणि इंजिन ठप् म्हणालं. मग पुन्हा ठप्. मग त्याला ताल सापडला. काळा धूर आला तसं दादाने तेल कमी केलं, उचकी आली तसं जरा वाढवलं, आणि मग धूर गेला, उचकी गेली, आणि गोठ्यातली गुरं एकदम उभी राहिली. यंत्राच्या तोंडातून पांढरा तांदूळ पडायला लागला. वडील म्हणाले, "वा." मी व्याख्यान दिलं नाही.

ती मणी ओवायची सुई मग इंजिनाचीच झाली, पण राहिली वहिनींच्या कुंकवाच्या करंड्यात. पुढे कितीतरी वर्षं इंजिनाने उचकी दिली की दादाला ती माझ्यामार्फत मागून घ्यावी लागे, आणि मी ठाण्याला असलो तर मी येईपर्यंत इंजिन थांबे. टाकीच्या झाकणाला वडिलांनी कुलूप करवून घेतलं. किल्ली कुणाकडे ठेवायची यावर आम्हा तिघांपैकी कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, म्हणून तीही करंड्यात गेली.

बहिणीचं लग्न झालं. तिसऱ्या दिवशी घरच्या माणसांची पंगत होती. मी मान खाली घालून जेवत होतो, तेव्हा पानासमोर कुणीतरी येऊन थांबलं. वहिनी होत्या. डाव्या हातात भाताचं पातेलं आणि उजव्या हातात डाव. हात पूर्ण बरा झाला नव्हता, कोपर जरा जपून धरलं होतं, पण तो वर उठला होता. वर्षभरात त्यांना पंगतीत वाढताना मी पाहिलं नव्हतं. पलीकडच्या पानावर दादा जेवायचा थांबून बघत होता.

"भावजी," त्या शेजारच्या दोन पानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चिमूटभर वाढू, की पुडी?"